संशोधक विद्यार्थी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि माणसाच्या वागण्याचे अर्थशास्त्र

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या घराघरांत राज्यघटनेचे शिल्पकार, धम्मक्रांतीचे प्रवर्तक आणि दलितांचे मुक्तिदाते म्हणून परिचित आहेत. जयंतीच्या व्यासपीठावरून त्यांच्या पदव्याही आपण अभिमानाने वाचतो : एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी., डी.एस्सी., बॅरिस्टर. परंतु या पदव्या त्यांनी कोणत्या विषयात मिळविल्या, त्यासाठी कोणता प्रश्न हाती घेतला आणि तो कोणत्या परिस्थितीत सोडविला, असे कोणी विचारले तर आपल्यापैकी बहुतेकांना उत्तर देता येत नाही. बाबासाहेब हे सर्वप्रथम अर्थशास्त्राचे संशोधक विद्यार्थी होते. कायद्याची पदवी वगळता त्यांच्या वर सांगितलेल्या चारही पदव्या अर्थशास्त्राशी निगडित आहेत.

आम्ही बँकेत नोकरीस आहोत आणि शिक्षणाने कला शाखेचे पदवीधर आहोत. अर्थशास्त्राचे पंडित नाही. तरीही रोज पैशाशी आणि पैसा घेऊन येणाऱ्या माणसांशी संबंध येतो म्हणून हा विषय आपल्या विद्यार्थ्यांपुढे साध्या भाषेत मांडावा असे वाटले.

हिशेबी माणूस आणि खरा माणूस

जुने अर्थशास्त्र एक गोष्ट गृहीत धरून चालते. माणूस हिशेबी आहे. जेथे चार पैसे जास्त मिळतील तेथे तो जातो, जेथे वस्तू स्वस्त आणि चांगली मिळेल तेथून घेतो. गेल्या काही दशकांत या गृहीताला आव्हान देणारी एक शाखा पुढे आली. तिला वर्तनाचे अर्थशास्त्र म्हणतात. माणूस पैशाचे निर्णय घेताना नुसते गणित करीत नाही. भीती, सवय, अभिमान, लोकलाज, शेजाऱ्याचे अनुकरण हे सारे त्या निर्णयात उतरते, असे ही शाखा सांगते आणि प्रयोग करून दाखवते. डॅनियल कानेमन हे मूळचे मानसशास्त्रज्ञ; त्यांना २००२ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. २०१७ साली रिचर्ड थेलर यांना याच शाखेतील कामासाठी ते मिळाले.

याची साधी उदाहरणे आम्हांला काउंटरवर रोज दिसतात. मुदत ठेवीचा व्याजदर अर्ध्या टक्क्याने उतरला की ठेवीदार नाराज होतो. पण ज्या वर्षी व्याज जास्त होते त्या वर्षी महागाई किती होती, हे तो विचारीत नाही. तो रुपये मोजतो. त्या रुपयांत किती ज्वारी येते हे मोजीत नाही. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ आयर्विंग फिशर यांनी १९२८ साली या पैशाच्या भ्रमावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. त्याच्या पाच वर्षे आधी प्रसिद्ध झालेल्या बाबासाहेबांच्या प्रबंधात रुपये आणि रुपयांची खरेदीशक्ती यांतील हा फरक गरिबाच्या बाजूने मांडलेला आहे.

वर्तनाचे अर्थशास्त्र हे नाव बाबासाहेबांच्या काळी प्रचारात नव्हते, आणि त्यांना त्या शाखेचे जनक ठरविण्याचा आमचा हेतूही नाही. परंतु कागदावरच्या हिशेबी माणसाऐवजी खरा माणूस कसा वागतो, हा प्रश्न त्यांच्या अभ्यासात सुरुवातीपासून आहे. त्यातही भारतातील माणूस व्यवहार करताना आणखी एक गोष्ट मोजतो, ती म्हणजे जात, हे त्यांनी पुस्तकात वाचण्याआधी आयुष्यात अनुभवले होते.

न्यूयॉर्क : १९१३ ते १९१६

बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंडांची, मुदत तीन वर्षांची. त्यात स्वतःचा खर्च भागवायचा, पुस्तके घ्यायची आणि मुंबईला माता रमाईंकडे घरखर्चही पाठवायचा. अभ्यासक्रमात अर्थशास्त्र मुख्य होते. त्याच्या जोडीला इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान आणि मानववंशशास्त्र. सार्वजनिक वित्ताचे मोठे अभ्यासक एडविन सेलिग्मन हे त्यांचे मार्गदर्शक, तर तत्त्वज्ञ जॉन ड्युई यांच्या विचारांचा ठसा त्यांच्यावर जन्मभर राहिला.

ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि वित्त या विषयावर लिहून १९१५ साली त्यांनी एम.ए. पूर्ण केले. पुढच्या वर्षी भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नासंबंधीचा प्रबंध पीएच.डी.साठी सादर केला. त्याच वर्षी, ९ मे १९१६ रोजी, मानववंशशास्त्राचे प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवर एक निबंध वाचला. वय अवघे पंचवीस. जात कोणी एका कायदेकर्त्याने लादली असे न म्हणता ती माणसांच्या वागण्यातून कशी पसरली, हे त्यांनी त्यात उलगडले. एका वर्गाने आपले दार लावून घेतले. तो वर्ग प्रतिष्ठित होता म्हणून जवळच्या इतर वर्गांनी त्याचे अनुकरण केले. आणि ज्यांनी अनुकरण केले नाही त्यांनाही दारे बंदच आढळली. अनुकरण वरच्याचे होते आणि जवळच्याचे जास्त होते, हे सूत्र त्यांनी फ्रेंच समाजशास्त्रज्ञ तार्द यांच्याकडून घेऊन भारतीय समाजाला लावले.

१९१६ मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन येथे दाखल झाले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ च्या ऑगस्टमध्ये अभ्यास अर्धवट टाकून परत यावे लागले. चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करता येईल, एवढी सवलत विद्यापीठाकडून मिळाली. पुस्तकांचा मोठा भाग दुसऱ्या जहाजाने येत होता; महायुद्धात ते जहाज बुडाले आणि पुस्तके समुद्रात गेली.

पदवीची किंमत कोण ठरवितो?

करारानुसार बाबासाहेब बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. कोलंबियाची विद्या पाठीशी असलेल्या या अधिकाऱ्याला शहरात राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत ते उतरले, तर काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना तेथून घालवून दिले. कचेरीतील शिपाई कागदपत्रे हातात न देता दुरून टाकीत. थोड्याच दिवसांत त्यांना मुंबईला परतावे लागले.

पुढचा प्रसंग अर्थशास्त्राच्या दृष्टीने अधिक बोलका आहे आणि आपल्याकडे तो फारसा सांगितला जात नाही. मुंबईत उपजीविकेसाठी त्यांनी शेअर आणि रोख्यांचा व्यवहार करणाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. सुरुवातीला गिऱ्हाईक येऊ लागले. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच ते येणे थांबले आणि व्यवसाय बंद करावा लागला, असे त्यांचे चरित्रकार धनंजय कीर यांनी नोंदविले आहे. विद्यार्थी मित्रहो, येथे क्षणभर थांबून विचार करा. सल्ला तोच, सल्ला देणारा तोच, शेअरबाजारही तोच. कोलंबियात शिकलेल्या अर्थतज्ज्ञाचा सल्ला सोडून देण्यात गिऱ्हाइकाचे नुकसानच होते. तरीही त्याने ते नुकसान पत्करले. हिशेबी माणसाचे अर्थशास्त्र या गोष्टीचे उत्तर देऊ शकत नाही.

याच जातीची गोष्ट आपल्या कोल्हापुरात घडली. राजर्षी शाहू महाराजांच्या पदरी असलेले गंगाराम कांबळे यांना पाण्याला शिवल्याबद्दल मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केले आणि गंगारामांना स्वतंत्र धंदा करण्यास सांगितले. त्यांनी चहाचे दुकान काढले. चहा चांगला, जागा भर रस्त्यात, पण स्पृश्य गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराज स्वतः आपला रथ तेथे थांबवून चहा मागवू लागले आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजू लागले. महाराजांनी तेथे हुकूम काढला नाही, ते पहिले गिऱ्हाईक झाले. अनुकरण वरच्याचे होते, हे न्यूयॉर्कच्या चर्चासत्रात मांडलेले सूत्र महाराजांनी उलट्या दिशेने वापरले, असे आम्हांस वाटते.

कोल्हापूर, माणगाव आणि लंडन

१९१८ च्या नोव्हेंबरमध्ये बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पगार दरमहा साडेचारशे रुपये. त्या काळी ही मोठी रक्कम होती. पण बिऱ्हाड चाळीतच ठेवले, कारण लंडनचा अर्धा राहिलेला अभ्यास डोळ्यांपुढे होता. याच काळात कोल्हापूरचे दत्तोबा पवार यांच्या मध्यस्थीने त्यांचा आणि शाहू महाराजांचा परिचय झाला. ३१ जानेवारी १९२० रोजी निघालेल्या ‘मूकनायक’ला महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले, आणि २१ व २२ मार्च १९२० रोजी माणगावच्या परिषदेत, तुम्हांला तुमचा पुढारी मिळाला, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. जुलै १९२० मध्ये बाबासाहेब पुन्हा लंडनला निघाले. जवळ स्वतःची शिल्लक, मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले पाच हजार रुपयांचे कर्ज आणि महाराजांची मदत.

लंडनमधील त्यांची दिनचर्या अनेकांनी लिहिली आहे. सकाळी ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयाचे दार उघडताच आत जायचे, संध्याकाळी ते बंद होताना बाहेर पडायचे, रात्री खोलीत भाजलेल्या पापडावर भूक भागवून पुन्हा वाचत बसायचे. १९२१ मध्ये एम.एस्सी. मिळाली आणि डी.एस्सी.च्या प्रबंधाचे काम सुरू झाले. विषय होता, रुपयाचा प्रश्न.

आणि नेमका रुपयानेच त्यांना अडचणीत आणले. १९२० च्या आरंभी सरकारने रुपयाचा दर दोन शिलिंग ठरविला होता. म्हणजे एका पौंडाला दहा रुपये. सरकारला तो दर टिकविता आला नाही. १९२१ मध्ये रुपया एक शिलिंग चार पेन्सच्या आसपास घसरला. म्हणजे एका पौंडाला पंधरा रुपये. मुंबईत जमविलेली तीच शिल्लक लंडनमध्ये दोन-तृतीयांश झाली. सप्टेंबर १९२१ मध्ये बाबासाहेबांनी शाहू महाराजांना पत्र लिहून दोनशे पौंडांचे कर्ज मागितले. हुंडणावळीचा दर कोसळल्याने आपले गणित चुकले, बॅरिस्टरीची फी भरायची आहे, परतीचा खर्च आहे, आणि रक्कम व्याजासह परत करू, असा त्या पत्राचा आशय आहे. दहाच्या दराने हे दोनशे पौंड दोन हजार रुपयांना पडले असते. पंधराच्या दराने त्यांना तीन हजार लागत होते. दिवसा ग्रंथालयात ज्या घसरणीची कारणे ते शोधीत होते, तिची झळ रात्री त्यांच्या ताटापर्यंत येत होती.

६ मे १९२२ रोजी महाराजांचे निधन झाले. आपण मदत केलेल्या या विद्यार्थ्याची डॉक्टरेट पाहण्यास ते राहिले नाहीत. ऑक्टोबर १९२२ मध्ये प्रबंध सादर झाला, तर परीक्षकांनी तो काही ठिकाणी नव्याने लिहिण्यास सांगितले. हातचे पैसे संपले होते. १९२३ च्या एप्रिलमध्ये बाबासाहेब मुंबईस परतले, येथूनच सुधारणा करून प्रबंध पुन्हा पाठविला आणि त्या वर्षाअखेर तो मान्य झाला. लंडनच्या पी. एस. किंग कंपनीने तो प्रसिद्ध केला. मार्गदर्शक प्राध्यापक एडविन कॅनन यांनी प्रस्तावनेत काही मुद्द्यांवर मतभेद नोंदविला आणि तरीही विचारांतील ताजेपणाची तारीफ केली. कोलंबियाची पीएच.डी. तर प्रबंध १९२५ साली छापून झाल्यावर १९२७ मध्ये रीतसर मिळाली. १९१६ चा प्रबंध आणि १९२७ ची पदवी, मध्ये अकरा वर्षे! नापास झाल्यावर वर्ष वाया गेले म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांनी ही अकरा वर्षे लक्षात ठेवावीत.

प्रबंधात सापडणारा मजूर

रुपयाच्या प्रश्नात बाबासाहेबांनी काय सांगितले? जॉन मेनार्ड केन्स यांच्यासारख्या नामवंताने १९१३ साली भारतासाठी सुवर्ण विनिमय परिमाणाची तरफदारी केली होती. या पद्धतीत देशात रुपया चालतो आणि त्याचा परदेशी दर सरकार सांभाळते. बाबासाहेबांनी त्याला विरोध केला. नाणे पाडण्यावर पक्की मर्यादा नसेल तर ते चालविणारे हात मोह आवरतीलच याची खात्री काय, हा त्यांचा प्रश्न. चलन चालविणारा अधिकारी हासुद्धा माणूसच आहे आणि व्यवस्था त्याच्या सद्गुणांवर सोडू नये, असा त्याचा अर्थ.

दुसरा मुद्दा आपल्या अधिक जवळचा आहे. रुपया स्वस्त झाला की निर्यात वाढते, देशाचा फायदा होतो, असे व्यापारी म्हणत. बाबासाहेबांनी विचारले, हा फायदा येतो कोठून? रुपया घसरला की भाव चढतात. मजुरी मात्र मागे रेंगाळते. मजुराला तेवढेच रुपये मिळतात, पण त्या रुपयांत धान्य कमी येते. मालकाला जे जास्त मिळाले ते मजुराच्या ताटातून गेले. म्हणजे देशाचा नफा म्हणून जो सांगितला जातो तो एका वर्गाने दुसऱ्या वर्गाकडून घेतलेला असतो. १९२५ च्या डिसेंबरमध्ये हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी चलनाच्या प्रश्नावर साक्ष दिली. या आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली आणि पुढे १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँक सुरू झाली. बाबासाहेबांनी एकट्याने ही बँक स्थापन केली असे भाषणांत सांगितले जाते, तसे म्हणण्याची गरज नाही. चलनाच्या चर्चेत मजुराचे ताट त्यांनी पुढे आणले, हेच त्यांचे मोठेपण पुरेसे आहे.

कोलंबियात शंभर वर्षांनी

१९३६ साली लाहोरच्या मंडळाने भाषण रद्द केल्यावर बाबासाहेबांनी जातिनिर्मूलनावरील आपला प्रबंध स्वतः छापला. जात ही श्रमाची विभागणी आहे या समर्थनाला त्यांनी उत्तर दिले की ती श्रम करणाऱ्यांचीच विभागणी आहे, आणि तीही पायऱ्यापायऱ्यांची. एका धंद्यात मंदी आली तरी दुसऱ्या जातीचे काम माणूस पत्करीत नाही. म्हणून जात ही बेकारीचे थेट कारण आहे, असे त्यांनी मांडले.

हे खरे की केवळ वादासाठी? सुआना ओ यांनी बाबासाहेबांच्याच कोलंबिया विद्यापीठात पीएच.डी. करीत असताना याच प्रश्नाला हात घातला. ओडिशातील खेड्यांत त्यांनी मजुरांपुढे थोड्या वेळाची कामे ठेवली. काही कामे विशिष्ट जातींशी जोडलेली, उदाहरणार्थ कपडे धुणे, चामडी पादत्राणे दुरुस्त करणे, संडास झाडणे. काही कामे कष्टाला तशीच पण जातीशी न जोडलेली, जसे शेतीची अवजारे धुणे. नेहमीच्या रोजाच्या दहापट मजुरी देऊ केली तरी सुमारे ४३ टक्के मजुरांनी दुसऱ्या जातीशी जोडलेले काम दहा मिनिटेही करण्यास नकार दिला. काम जितक्या खालच्या मानलेल्या जातीचे, तितका नकार जास्त. आणि ही निवड गावाला कळणार नाही असे सांगितले तरीही नकार कायम राहिला. म्हणजे पहारा गावाचा नव्हता. तो मनात बसलेला होता. हे संशोधन २०२३ साली अमेरिकेतील अग्रगण्य नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

दुसरा प्रयोग आपल्या मुलांसंबंधी आहे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोघींनी उत्तर प्रदेशात सहावी-सातवीच्या सहाशेहून अधिक मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडविण्यास दिली. सुटलेल्या प्रत्येक कोड्याला एक रुपया. जात जाहीर केली नाही तेव्हा दलित आणि सवर्ण मुलांच्या कामगिरीत फरक दिसला नाही. सर्वांसमोर नाव आणि जात पुकारल्यावर दलित मुलांची कामगिरी स्पष्टपणे घसरली. मुले तीच, कोडी तशीच, बक्षीसही तेच. २००६ साली प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष प्रत्येक शिक्षकाने भिंतीवर लावावा असा आहे. गुणवत्ता कमी म्हणून मुलगा मागे पडला की त्याला मागचा म्हणून पुकारले म्हणून तो मागे पडला, हा प्रश्न त्याने उभा केला आहे.

आपल्या विद्यार्थ्यांसाठी

वरील दोन्ही प्रयोगांचा विषय आपले जीवन आहे. मग ते करणारे आपल्यातले का नसावेत? आपल्या घरांत पदवी झाली की स्पर्धा परीक्षा किंवा मिळेल ती नोकरी, हा ठरलेला मार्ग आहे. त्यामागची निकड आम्ही जाणतो. पहिला पगार घरी येणे याचा अर्थ काय हे बँकेतल्या माणसाला सांगावे लागत नाही. पण सगळेच तेथे थांबले, तर आपल्याबद्दलचे प्रश्न इतर विचारणार आणि उत्तरेही इतरच देणार. वस्तीतील बचत गट कर्ज कसे फेडतात, वाढदिवस-लग्नासाठी आपण ऐपतीबाहेर का खर्च करतो, जात कळल्यावर भाड्याच्या खोलीचे काय होते, धम्म स्वीकारल्यानंतरही काही कामांकडे आणि काही पोटजातींकडे आपण स्वतः खालच्या नजरेने पाहतो का, हे सारे पीएच.डी.चे विषय आहेत. त्यासाठी न्यूयॉर्कला जावे लागत नाही. १९६२ पासून शिवाजी विद्यापीठ आपल्या शहरात आहे. पुण्याची बार्टी संस्था संशोधनासाठी अधिछात्रवृत्ती देते. परदेशी जाऊ पाहणाऱ्यांसाठी राज्य शासनाची शिष्यवृत्ती आहे आणि तिला राजर्षी शाहू महाराजांचेच नाव आहे.

सुरुवात वाचनापासून करावी. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांच्या पहिल्या खंडात जातींवरचा निबंध आणि जातिनिर्मूलनाचा प्रबंध आहे. सहाव्या खंडात कंपनीचे वित्त, प्रांतिक वित्त आणि रुपयाचा प्रश्न हे तिन्ही आर्थिक ग्रंथ आहेत. इंग्रजी जड वाटेल. आठ-दहा विद्यार्थ्यांनी रविवारी विहारात बसून दोन-दोन पाने वाचली तर वर्षभरात एक ग्रंथ पुरा होईल. अडेल तेथे वाणिज्य शाखेच्या प्राध्यापकांना किंवा आमच्यासारख्या बँकेतल्या माणसांना विचारावे.

पालकांनाही एक विनंती आहे. घरातील मुलगा किंवा मुलगी संशोधन करतो म्हणाली, तर कमावणार कधी, हा पहिला प्रश्न विचारू नका. विषय कोणता घेतलास, हे विचारा. दोनशे पौंडांचे ते पत्र मिळाले तेव्हा एका राजाला त्या विद्यार्थ्याची किंमत ठाऊक होती. आपल्या घरातील विद्यार्थ्याची किंमत ओळखण्याचे काम आता आपले आहे.

जय भीम!